हाताची हरवलेली विद्या

वैनगंगेच्या काठचे मार्कंडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. शिवरात्रीच्या जत्रेत गेला असाल, तर गर्दीच्या रेट्यात भिंतींवरची शिल्पे न्याहाळायला उसंत मिळाली नसेल. आडदिवशी गेलेला माणूस मात्र तिथे रेंगाळतो. दक्षिणेकडे जाणारी नदी त्या ठिकाणी वळून उत्तरवाहिनी होते, आणि काठावर ती दगडी देवळे उभी आहेत. त्या स्थळाशी जोडलेली मार्कंडेयाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सोळाच वर्षांचे आयुष्य लाभलेला मुलगा, त्याच्या गळ्याकडे आलेला यमाचा पाश, त्याने शिवलिंगाला मारलेली मिठी, आणि भक्तासाठी प्रगट होऊन काळाला परतविणारे शंकर. कथा तिथे संपते. पाश सुटला म्हणजे सगळे झाले, मुलगा धडधाकट पावलांनी आईबापांकडे परत गेला, असे आपण धरून चालतो.

व्यवहारात तसे होत नाही. मृत्यूच्या पाशातून सुटलेला माणूस पुष्कळदा अर्धाच परत येतो. एक हात लुळा, एक पाय ओढत, तोंड वाकडे, वाचा अडखळणारी. आपल्याकडे ह्याला लकवा म्हणतात. पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू असा शब्द सापडतो. मेंदूला रक्त पोहोचविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग काही मिनिटांत मरू लागतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग जाते, उजव्याला झाली तर डावे. अशा माणसाला त्याचा हात पुन्हा मिळू शकतो काय, आणि मिळत असेल तर तो कोणत्या वाटेने, हा आजचा विषय आहे.

हा विषय मोठ्या शहरांचा, सुखवस्तू लोकांचा, असे कोणी समजू नये. आपल्या जंगलमुलखात माणसे हिवतापाने, क्षयाने किंवा साप चावून मरतात, अशी बाहेरच्यांची आणि थोडीबहुत आपलीही समजूत असते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ ह्या संस्थेतील संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूच्या कारणाचा शोध घेतला. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शंभरातले चौदाहून थोडे अधिक, लकव्याने झालेले निघाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले आणखी दोन आकडे मला अधिक बोलके वाटतात. लकव्याने गेलेल्यांपैकी शंभरातले सुमारे ८७ जण घरीच गेले. आणि निम्म्याहून अधिक जण पहिला महिना ओलांडल्यावर गेले. याचा अर्थ असा, की पाश एकदा सुटला होता. पुढचे दिवस त्यांनी घरात, बाजेवर काढले.

ते दिवस कसे जातात हे मी माझ्याच घरी पाहिले आहे. माझ्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या वहिनीला, ऐन रोवणीच्या दिवसांत लकवा झाला. उजवे अंग गेले. जीव वाचला, आणि आम्ही सारे तिच्या सेवेला लागलो. उजव्या हाताने जेवता येईना; डाव्या हाताने जेवणे तिला अमंगळ वाटे. म्हणून सुनेने घास भरवायचा, नातीने वेणी घालायची, पुतण्याने उचलून अंगणात आणायचे. सकाळ-संध्याकाळ कोमट तेलाने मालिश होई. शेजारीपाजारी म्हणत, सेवा करावी तर अशी. पाच महिने झाले, पण हात होता तसाच पोटाशी दुमडलेला. पुढे फिजिओथेरपीचे शिक्षण घेतलेल्या एक बाई तिला पाहायला आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ह्या हाताला दिवसभर काम काय देता?” आम्ही अभिमानाने मालिशीचे सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तो तुमच्या हातांचा व्यायाम झाला. ह्यांच्या हाताने अजून काहीच केलेले नाही.”

ते वाक्य मला फार लागले. पण त्यामागे शंभर वर्षांचे संशोधन उभे आहे, हे पुढे वाचनातून कळले. ते आपल्यापुढे थोडक्यात मांडतो.

हात हलणे म्हणजे स्नायूंचे बळ, असा आपला साधारण समज असतो. हात हलत नाही, तेव्हा बळ गेले. तेल चोळा, बळ येईल. लकव्यात अशक्तपणा येतो हे खरे. पण स्नायू मेलेला नसतो. त्याला हुकूम देणारी आणि हुकमांचा मेळ घालणारी यंत्रणा मोडलेली असते. आणि ही यंत्रणा किती गुंतागुंतीची आहे, हे एरवी आपल्या ध्यानातच येत नाही.

मार्कंड्याच्या भिंतींवरील शिल्पे कोरणाऱ्या पाथरवटाची कल्पना करा. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडा. दिवसातून हजारो घाव, आणि प्रत्येक घाव छिन्नीच्या माथ्यावर. त्याचा हात दर वेळी अगदी त्याच मार्गाने जात असेल, असे आपण म्हणू. १९२० च्या दशकात मॉस्कोतील श्रमविज्ञानाच्या संस्थेत निकोलाय बर्नस्टाईन ह्या शास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट तपासली. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या सराईत कामगारांच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोड्याला त्याने बारीक दिवे लावले आणि त्या प्रकाशाच्या रेषांची वेगाने छायाचित्रे घेतली. निघाले ते उलटेच. खांदा, कोपर आणि मनगट ह्यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे होते. हातोड्याचे टोक मात्र त्यामानाने फारच कमी चुकत होते. खांदा जरासा पुढे गेला, तर कोपर आपणहून ती चूक भरून काढी. सांधे एकमेकांना सांभाळून घेत, आणि काम साधत असे.

ह्याचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून थोडा हिशेब करू. खांदा तीन प्रकारे वळतो, कोपर एका प्रकारे, कोपराखालचा हात एका प्रकारे पालथा-उताणा होतो, मनगट दोन प्रकारे. एकंदर सात. एखादी वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात धरायला सहा पुरतात. म्हणजे पाण्याचा पेला उचलण्याचा एकच एक मार्ग नसतो, असंख्य असतात. त्यांतून एक निवडून, डझनावारी स्नायूंना योग्य क्षणी ताणून आणि योग्य क्षणी सैल सोडून, मेंदू तो पेला ओठांशी आणतो. बर्नस्टाईनचे सांगणे असे, की सराव म्हणजे एकच हालचाल घोकणे नव्हे. तेच कोडे दर वेळी नव्याने सोडविणे म्हणजे सराव. म्हणून ज्याला आपण हाताचे बळ म्हणतो, ती बऱ्याच अंशी हाताची विद्या असते. ही विद्या मेंदूत राहते, आणि स्वतः केल्याशिवाय येत नाही. दुसऱ्याने आपला हात धरून हलविला, तर सांधे मोकळे राहतात, तेही महत्त्वाचे आहे. परंतु कोडे दुसऱ्यानेच सोडविलेले असते.

आता ह्या विद्येचे दुसरे अंग. बसल्या जागी डोळे मिटा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. बोट बरोबर पोहोचते. हात कुठे आहे हे डोळ्यांनी न पाहता कळले कसे? स्नायूंत, कंडरांत आणि सांध्यांत सूक्ष्म संवेदनेंद्रिये असतात. अवयव कुठे आहे, किती ताणला आहे, ही बातमी ती मेंदूला क्षणोक्षणी पोहोचवीत असतात. ह्या जाणिवेला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन ह्याने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले. आपण तिला अंगस्थितीची जाणीव म्हणू. ती हरपली तर काय होते, ह्याचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडात घडले. १९७१ साली एका १९ वर्षांच्या तरुणाची मानेखालची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव एका आजाराने पार गेली. स्नायू शाबूत, हुकूम नेणारे मज्जातंतू शाबूत. तरी त्याला उभे राहता येईना. पुढे केवळ डोळ्यांनी आपल्या अवयवांवर पहारा ठेवून तो बसायला, उभा राहायला, चालायला शिकला. पण उजेड गेला की तो कोसळे.

तिसरे अंग अंदाजाचे. भरलेला आहे असे समजून पाण्याचा गुंड उचलावा आणि तो रिकामा निघावा, तर हात झटक्याने वर जातो. हा अनुभव प्रत्येक घरात आहे. याचा अर्थ असा, की उचलण्यापूर्वीच मेंदूने वजनाचा अंदाज बांधून बळ ठरवून ठेवलेले असते. हा अंदाज बांधण्यात आणि चुकल्यास सुधारण्यात डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. वजनाने तो सबंध मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. त्याचा गुरू एकच, तो म्हणजे चूक. पाणी सांडले, घास निसटला, पाऊल चुकले, की पुढचा अंदाज सुधारतो. चूक होऊच द्यायची नाही असे आपण ठरविले, तर लहान मेंदूची शाळाच बंद पडते.

इतके समजल्यावर प्रश्न येतो, की मोठ्या वयात मेंदू असे काही नवे शिकू शकतो काय. ह्याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको; आपल्याच जिल्ह्यातल्या वरोऱ्यापासून सुरुवात करता येते. बाबा आमटे आणि साधनाताई ह्यांनी १९५१ साली तिथे आनंदवनाचा संसार मांडला. कुष्ठरोग बोटे खातो असे लोक मानीत. खरी गोष्ट अशी, की ह्या रोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात. कोपराजवळचा मज्जातंतू बिघडला की पंज्यातले बारीक स्नायू निकामी होतात आणि बोटे नखीसारखी आखडतात. संवेदना जाते, म्हणून भाजलेले-कापलेले कळत नाही, आणि जखमा चिघळून बोटे झिजतात. अशा हातांनी आनंदवनात विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, माग चालले. भीक माणसाला पांगळे करते आणि काम त्याला उभे करते, हे बाबांचे सूत्र होते. ते त्यांनी स्वाभिमानासाठी सांगितले. शरीरशास्त्रालाही ते किती लागू पडते, हे आपण पुढे पाहू.

ह्याच आखडलेल्या हातांवर दक्षिणेत वेल्लोर येथे पॉल ब्रँड ह्या शल्यविशारदाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया ह्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात असेच काम केले. युक्ती अशी. पंज्यातले स्नायू गेले, तरी कोपराखालचे अनेक स्नायू चांगले असतात. त्यांपैकी एकाची कंडरा मूळ जागेवरून सोडवायची आणि निकामी बोटाला किंवा अंगठ्याला जोडायची. उदाहरणार्थ, अनामिका वाकविणाऱ्या दोन कंडरांपैकी एक काढून अंगठ्याला लावतात. अनामिकेचे काम उरलेल्या एकीवर भागते.

शस्त्रक्रियेची कला इथे संपते आणि खरी मौज पुढे सुरू होते. तीन-एक आठवड्यांनी प्लास्टर काढतात. अंगठा हलविणारी दोरी जागेवर आहे, स्नायू सशक्त आहे. पण रुग्णाला “अंगठा हलव” म्हटले तर अंगठा हलत नाही. कारण मेंदूच्या लेखी तो स्नायू अजून अनामिकेचाच आहे. मग त्याला सांगतात, “अनामिका वाकव.” तो अनामिका वाकवायचा विचार करतो, आणि अंगठा हलतो! आरंभी माणूस स्वतःच्याच हाताकडे नवलाने पाहत राहतो. मग रोज सराव. मणी उचल, काडी धर, गाठ सोड. काही आठवड्यांत अनामिकेची आठवण काढावी लागत नाही. अंगठा म्हटले की अंगठा हलतो. बाहेरच्या दोऱ्या बदलल्या, म्हणून मेंदूने आपला जुना हिशेब मोडून नवा मांडला. हे चमत्काराने झाले नाही. रोज थोडे-थोडे करून झाले. म्हणूनच ब्रँडसारख्या शल्यविशारदांच्या खटपटीत फिजिओथेरपी करणाऱ्यांचा वाटा शस्त्राइतकाच मोलाचा ठरला.

लकव्यात मात्र गोष्ट अधिक कठीण असते. तिथे दोऱ्या शाबूत असतात आणि खुद्द हिशेबनीस जखमी असतो. तरीही आशेला जागा आहे. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हात चालविणाऱ्या मेंदूच्या भागाला लहानशी इजा झाल्यावर ज्या माकडांना अधू हाताने खाद्य उचलण्याचा सराव दिला, त्यांच्या मेंदूत इजेभोवतीचा निरोगी भाग हाताच्याच कामी राहिला. सराव न दिलेल्या माकडांत हा शेजारचा निरोगी भागही हाताच्या कामातून निघून गेला होता. मेंदूतली ही जागा वापरणाऱ्याची असते. वहिवाट मोडली की दुसरा तिथे नांगर घालतो.

आता मोठ्या आईच्या हाताचे कोडे उलगडू लागते. एडवर्ड टॉब ह्या संशोधकाने पूर्वी माकडांत असे पाहिले होते, की हाताची संवेदना नष्ट केली, तर हुकूम नेणारे मज्जातंतू शाबूत असूनही माकड तो हात वापरणे सोडून देते. पण चांगला हात बांधून ठेवला, की तोच टाकून दिलेला हात कामाला लागतो. म्हणजे हात निव्वळ गेलेला नव्हता. तो न वापरण्याची सवय जडली होती. माणसाचेही काही अंशी असेच होते. लकव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अधू हाताने काही करावे तर फजिती होते. वस्तू पडते, पाणी सांडते, लोक धावतात. चांगल्या हाताने केले तर काम चटकन होते. दोन महिन्यांनी मेंदूची सूज उतरून अधू हातात थोडी शक्ती परतलेली असते. पण तोवर त्या हाताचा प्रयत्न करण्याची सवयच मोडलेली असते. आमच्या घरी तर चांगल्या हातालाही काम उरले नव्हते. सून, नात आणि पुतण्या मिळून आम्ही मोठ्या आईचे सहा हात झालो होतो.

टॉबच्या विचारावरून एक उपचार निघाला. चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून ठेवायचा आणि अधू हाताकडून तासन् तास काम करून घ्यायचे. २००६ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. त्यांपैकी ज्यांना दोन आठवडे हा उपचार दिला, त्यांचा हात इतरांहून स्पष्टपणे अधिक चालू लागला, आणि फरक वर्षभरानंतरही टिकला. पण एक अट विसरू नये. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल परतली होती, अशांनाच ह्या चाचणीत घेतले होते. हात पूर्ण लुळा असेल, तर चांगला हात बांधणे म्हणजे माणसाला दोन्ही हातांनी पारखे करणे होय. म्हणून असले उपचार जाणकाराला विचारल्याशिवाय घरी करू नयेत.

सराव म्हणजे किती आणि कसा, ह्याविषयीही बरेच कळले आहे. पहिली गोष्ट संख्येची. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदू बदललेला दिसतो तो दिवसाकाठी शेकडो प्रयत्नांनंतर. उलट २००९ साली अमेरिकेतील उपचारकेंद्रांत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा एका बैठकीत अधू हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. जिथे साधनांची वाण नाही तिथली ही कथा. आपल्याकडच्या महिन्यातून एखाद्या फेरीचे काय सांगावे!

दुसरी गोष्ट विविधतेची. १९७८ साली आठ वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला. बियांची पुरचुंडी ठरलेल्या जागी फेकायची. काहींनी तीन फुटांवर फेकण्याचाच सराव केला. काहींनी दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर कधीच नाही. परीक्षा तीन फुटांची घेतली, तर पहिल्या मुलांपेक्षा दुसरी मुले सरस ठरली. एकाच मापाने घोकणाऱ्यापेक्षा बदलत्या मापांशी झगडणारा अधिक शिकतो. बर्नस्टाईनच्या हातोड्याची साक्ष इथे पुन्हा पटते.

तिसरी गोष्ट हेतूची. “हात वर करा” असे सांगण्यापेक्षा “फळीवरचा तांब्या घ्या” असे सांगितले, तर हात अधिक नितळपणे जातो. मन बोटांवर न ठेवता वस्तूवर ठेवले, तर बोटे आपले काम जाणतात. आपल्या घरात अशा हेतूंना काय तोटा! सुपात धान्य पाखडणे, मोहाची फुले निवडणे, शेंगा फोडणे, वात वळणे, पळसाच्या पानांची पत्रावळ लावणे. सुपाला तर दोन्ही हात लागतातच. पत्रावळीच्या काडीला चिमूट लागते, आणि चिमूट ही सर्वांत उशिरा परतणारी विद्या. चालण्यासाठी अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले, की त्यांच्या आधाराने पावले टाकता येतात. आणि बांबूला आपल्या मुलखात काय तोटा आहे?

मात्र उत्साहालाही मर्यादा हवी. २०१५ साली अनेक देशांतील २१०४ रुग्णांवरील चाचणीत असे दिसले, की लकवा झाल्यावर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालविल्याने त्याचे हित न होता उलट नुकसान होते. त्या दिवसाचे काम वेगळे आहे. एक तासही न दवडता त्याला रुग्णालयात पोहोचविणे, हे ते काम. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. नंतरही काही पथ्ये आहेत. निजलेल्या स्थितीत घास किंवा पाणी देऊ नये. ठसका लागून अन्न श्वासनळीत जाते. उठविताना लुळा हात धरून ओढू नये. खांदा निखळतो आणि मग वेदनेच्या भयाने माणूस हात हलवूच देत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट सांगतो. ती न सांगता उठलो तर तुमची फसवणूक होईल. इथवरचे ऐकून कोणी म्हणेल, मग सोपे झाले. घरच्यांना शिकवावे, सराव त्यांनी घ्यावा. हाच विचार भारतात तपासून पाहिला गेला. देशातील १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरी सराव घ्यायला लावले. निम्म्यांना नेहमीचेच उपचार दिले. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातले ४७ रुग्ण एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. तिळमात्र फरक नव्हता.

ह्यावरून घरच्यांचे काम व्यर्थ ठरते काय? मला तसे वाटत नाही. पण एवढे निश्चित ठरते, की थोडी शिकवणी आणि उदंड प्रेम ह्यांवर ही विद्या परत येत नाही. संगीत शिकवायला गुरू लागतो, कुस्तीला वस्ताद लागतो. मग मेंदूला इजा झालेल्या माणसाला त्याचा हात पुन्हा शिकवायला मात्र घरची सून पुरेल, असे आपण कसे मानतो? आज काय सोपे, उद्या काय कठीण, कुठे थांबायचे, कुठे चूक होऊ द्यायची आणि कुठे पडण्यापासून सावरायचे, हे पाहणारा जाणता डोळा लागतो. आणि तो एकदा नव्हे, वरचेवर यावा लागतो. १९५० च्या दशकात मुंबईत, पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न समोर असताना, के. ई. एम. रुग्णालयात ह्या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. मुंबईला जे तेव्हा साधले, ते सिरोंचा-एटापल्लीच्या माणसाला त्याच्या तालुक्याच्या गावी मिळावे, ही मागणी अवाजवी नाही. शहरातल्या श्रोत्यांनी ती लावून धरली पाहिजे. रुग्णालयाची इमारत झाली की आपण हार घालतो. तिथे हात-पाय शिकविणारा माणूस नेमला आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

मोठ्या आईचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या बाई आठवड्यातून दोनदा येत राहिल्या. मालिश उरली ती सांधे मोकळे करण्यापुरती. हातापुढे सूप आले, शेंगा आल्या, पितळी वाट्या आल्या. वर्षभराने ती दोन्ही हातांनी सूप धरू लागली. सुईत दोरा ओवणे तिला शेवटपर्यंत जमले नाही. हात पूर्ण परतला नाही, आणि तसे वचनही कोणी दिले नव्हते. पण एके दिवशी तिने सुनेचा हात बाजूला सारला आणि उजव्या हाताने भात कालविला. पहिला घास वाटेतच सांडला. दुसरा हनुवटीला लागला. अर्धा भात ताटाबाहेर गेला. सून पुढे होऊ लागली, तेव्हा मोठ्या आईने नुसते तिच्याकडे पाहिले. सून जागीच बसली. जेवण आटोपायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कोणीही मदतीला हात पुढे केला नाही. पाच महिन्यांच्या सेवेत आम्ही तिच्यासाठी जे केले नव्हते, ते त्या पाऊण तासात केले.